सुरतेतली मेथी

सातपुड्यातल्या मोलगीच्या बाजारापासून आमची शाळा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती. अर्धा दिवस हा तिथल्या माणसांचा हिशोब. सातारच्या पेठेत वाढलेली मी पहिल्यांदा ती वाट चढले तेव्हा सकाळची निघाले ती दिवेलागणीला पोचले. शाळेच्या ओट्यावर आडवी होऊन मी जाहीर केलं की आता मला इथून खाली न्यायचं असेल तर खाटेवर घालून न्या. दोन वर्षांनी मला खाली न्यायला खरोखरच माणूस आला. माझे वडील. आणि तेव्हा मला जायचं नव्हतं.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले होते, त्यामुळे सुरत परराज्यात गेली होती, पण नंदुरबारकडच्या माणसांना ते अजून पटलं नव्हतं. लग्नाचा बस्ता म्हणू नका, दुखणं म्हणू नका, चैन म्हणू नका, त्यांना सगळ्याला सुरतच लागायची. नंदुरबार हा तेव्हा जिल्हाही नव्हता. धुळे जिल्ह्यातलं ते एक तालुक्याचं गाव, पण तिथं रेल्वे होती, आणि आमच्यासारख्या डोंगरातल्यांना तेवढं मोठेपण पुरे होतं.

शाळा एका संस्थेची होती. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, मुलं तिथंच जेवायची आणि झोपायची. शिकवायला आम्ही तिघी, बिनपगारी. राहायला एक खोली आणि मुलांच्याच पंगतीतली भाकरी-डाळ, एवढ्यावर आम्ही आनंदानं कबूल झालो होतो. म्हणजे त्या दोघी आनंदानं. मी पहिले सहा महिने डाळीवरून रोज भांडत होते.

आमच्यातली थोरली ती ताई. शहाद्याच्या बाजूची, तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातली. केळीची बाग, कापूस, बैलजोड्या, घरात कशाची ददात नव्हती. नवरा लवकर गेला, आणि भावांच्या घरात भावजयांची उणीदुणी ऐकत बसण्यापेक्षा डोंगर बरा म्हणून ती वर आली. माहेरी ती गुजरी बोलायची, आमच्याशी अहिराणी, आणि पुस्तकी मराठी फक्त वर्गात, पुस्तक हातात असेपर्यंत. पुस्तक मिटलं की मराठीही मिटायची.

दुसरी गोरीबाई. हे नाव मुलांनी ठेवलेलं. ती डेन्मार्कहून आली होती, तिकडच्या कुठल्या स्वयंसेवकांच्या मंडळातर्फे. तिच्या देशात म्हणे डोंगरच नाही, सगळी जमीन ताटासारखी, आणि म्हणूनच बहुधा सातपुडा बघून ती वेडी झाली होती. ती मराठी शिकली ती मुलांकडून आणि ताईकडून, त्यामुळे तिची भाषा म्हणजे खिचडी. शिवाय डोंगरातली माणसं सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, तशी तीही सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. तपासणीला आलेल्या साहेबांनाही. साहेबांनी तो राग माझ्यावर काढला.

तशा परक्या आम्ही तिघीही होतो. गोरीबाई समुद्रापलीकडची, म्हणून तिचं सगळ्यांना नवल. पण पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीनं मलाही विचारलं होतं, की तुझ्या मुलखात पाऊस पडतो का. ताईचं गाव तर त्याच डोंगराच्या पायथ्याला, पण तीही त्यांच्या लेखी परदेशीच. मग परदेशात माणसं एकमेकांना धरून राहतात तशा आम्ही राहिलो. माझ्या सख्ख्या बहिणींवर मी इतकी माया केली नसेल, आणि त्यांच्यावर इतकी चिडलेही नसेन.

डोंगरात आम्ही दोन गोष्टी शिकलो, त्या इथं सांगायलाच हव्यात. एक म्हणजे रांगेनं चालणं. तिथल्या पाऊलवाटेवर दोघं शेजारी मावत नाहीत. एकामागून एक चालायचं आणि बोलायचं ते पुढच्याच्या पाठीशी. दुसरी म्हणजे डहाळी. पुढे गेलेला माणूस, जिथं वाट फुटते तिथं एक हिरवी डहाळी तोडतो आणि जी वाट घ्यायची नाही तिच्यावर आडवी टाकतो. वर दगड ठेवतो, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मागच्यानं ती पाहिली की समजायचं, ही वाट आपली नव्हे. आणि सगळ्यांत शेवटी येणाऱ्यानं ती उचलून बाजूला टाकायची, नाहीतर दुसऱ्याच कुणा वाटसरूची फसगत व्हायची. ना पाटी, ना बाण. मला ते इतकं आवडलं होतं की सुट्टीत घरी गेल्यावर आत्याला मी ते दोनदा सांगितलं. आत्या म्हणाली, तुझ्या बापाला सांग, पोरीचं डोकं फिरलं म्हणून.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. सातारला त्यांचं कापडाचं दुकान होतं. आई लहानपणीच गेलेली. घरात विधवा आत्याचं राज्य. मी डोंगरात जाऊन शिकवणार म्हटल्यावर आत्यानं अन्न सोडलं होतं, आणि अण्णांनी पहिल्यांदाच बहिणीचा शब्द मोडला होता. ते मला एवढंच म्हणाले, “दोन वर्षं जा. मग परत यायचं आणि मी सांगेन तिथं लग्नाला उभं राहायचं. कबूल?” मी लगेच कबूल म्हणून मोकळी झाले. बावीस वर्षांच्या मुलीला दोन वर्षं म्हणजे पुढचा जन्म वाटतो.

तो जन्म संपला. थंडीच्या दिवसांत अण्णांचं कार्ड आलं. जरीच्या खरेदीला मी सुरतेला येतो आहे, रविवारी स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत भेट, सामान घेऊन ये. पुण्याचं एक चांगलं स्थळ आहे. मी हातातली पळी आपटली. पळीचा काय दोष होता? पण आपटली. मग चुलीपाशीच बसून रडले.

ताईनं पळी उचलली, पुसली, जागेवर ठेवली. “तुन्हा बाप काय वाघ शे का?” ती म्हणाली. “आपन तिन्हीजनी जाऊत. शहर बी देखूत, तुन्हा बापले बी देखूत. मी बोलसू त्यासनासंगे.”

“काय बोलशील?”

“पोर सुखी शे, आसं बोलसू. रोज दूध शे, तूप शे, आसं बी बोलसू.”

“दूध नाही,” गोरीबाई म्हणाली. तिला खोटं बोलता यायचं नाही. अगदी एखाद्या अंगात दोष असावा तसं यायचंच नाही.

सामान घेऊन ये म्हणाले होते. माझी ट्रंक खोलीत कोपऱ्यात होती. ती उचलली असती तर मुलांना कळलं असतं की बाई चालल्या. न उचलली तर अण्णांना कळणार की मुलीचा विचार वेगळा आहे. शेवटी मी एका कापडी पिशवीत दोन लुगडी आणि आईचा फोटो घातला आणि ट्रंक तिथंच ठेवली. विचार असा काही नव्हताच. होता तो नुसता भ्याडपणा.

शनिवार-रविवारची सहल, असं मुलांना सांगून आम्ही शुक्रवारी पहाटेच निघालो. मोलगीहून अक्कलकुव्यापर्यंत कोळशाच्या ट्रकमधून उतरलो, तिथून एस.टी.नं तळोदा करत नंदुरबार, आणि नंदुरबारच्या स्टेशनवरच्या नळाला तोंडं धुतली तेव्हा कुठं तिघींत गोरी कोण ते ओळखू आलं. गाडी सुटली आणि ताईनं डबा उघडला. भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि शेंगा. समोरच्या बाकावरच्या व्यापाऱ्यानं गोरीबाईला ठेचा खाताना पाहिलं आणि तो सुरतेपर्यंत तिच्याकडे बघतच राहिला, डोळ्यांत पाणी तिच्या येतं की आपल्या ह्याची वाट बघत.

सुरत! मी पुणं पाहिलं होतं, मुंबई पाहिली होती, पण डोंगरातून उतरून पाहिलेलं शहर वेगळंच असतं. विजेचे दिवे, बर्फ घातलेला सोडा, दुकानांत मांडलेले सतरा प्रकारचे साबण. आम्ही तिघी खुळ्यासारख्या साबणांचे वास घेत उभ्या राहिलो. एका बेकरीपाशी गोरीबाई थबकली. तिनं ताजा पाव हातात घेतला, नाकाशी धरला आणि सरळ रस्त्यात रडायला लागली. आईची आठवण झाली म्हणाली. ताईनं तिला पदराखाली घेतलं आणि बेकरीवाल्यालाच झापलं, जसं काही त्यानंच तिला मारलं होतं. ताईची गुजरातीच्या वळणाची गुजरी ऐकून बेकरीवाला असा नरमला की त्यानं वर नानखटाई दिली.

पुलावरून जाताना ताई थांबली आणि हात जोडून उभी राहिली. खाली तापी होती. “आमना गावनं पानी शे हाई,” ती म्हणाली. तिच्या केळीच्या बागेशेजारून निघालेलं पाणी इथवर आलं होतं, आमच्यासारखंच फिरायला.

तिथंच पहिल्यांदा ध्यानात आलं की लोक हसताहेत. इतका रुंद रस्ता, आणि आम्ही तिघी एकामागून एक चाललेल्या. पुढे ताई, मधे मी, मागे उंच गोरीबाई. मी शेजारी येण्याचा प्रयत्न केला की पाय आपोआप मागे यायचे. एका पानवाल्यानं ताईला अदबीनं विचारलं, बेन, कुठल्या आश्रमाच्या? ताई म्हणाली, आश्रमाच्या नाही, डोंगराच्या. त्यानं हात जोडले.

नंतर एका कापडदुकानात पुरुषभर उंचीचा आरसा लागला. शाळेत आमच्यात मिळून तळहाताएवढा एक आरसा, त्यात एका वेळी एक डोळा किंवा एक गाल दिसायचा. कितीतरी महिन्यांनी मी स्वतःला सबंध पाहिलं. काळवंडलेली, वाळलेली, केसांची शेपटी झालेली, टाचांना भेगा. मला रडू येईना, हसूच आलं. ताई मात्र गंभीर झाली. “आशी तुन्हा बापना समोर नही चालाव,” म्हणून तिनं मला खोबरेल घेऊन दिलं, बांगड्या भरल्या, आणि अनवाणी चालायला सोकावलेल्या माझ्या पायांत नवी चप्पल चढवली. चप्पल पहिल्या गल्लीतच चावायला लागली.

रविवारी सकाळी अण्णा धर्मशाळेत आले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री. थंडीच्या दिवसांत छत्री कशाला, असं त्यांना कुणी विचारायचं नाही. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. कापडवाले ते, त्यांची नजर आधी माझ्या पदराच्या काठावर गेली, तिथं मी तीन रंगांच्या दोऱ्यांनी रफू केलं होतं. मग पायांकडे.

“लंगडतेस का?”

“नवी चप्पल आहे, अण्णा.”

“तुमनी पोर सुखी शे, अण्णा,” ताईनं तोंड उघडलं. “रोज दूध, तूप, कायची कमी नही.”

“बरं,” अण्णा म्हणाले. ते दुकानात गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की असंच ‘बरं’ म्हणायचे. मग त्यांनी खोलीभर पाहिलं. “सामान कुठाय?”

मी पिशवी दाखवली. त्यांनी ती उचलून वजन पाहिलं आणि खाली ठेवली. थोड्या वेळानं म्हणाले, “संध्याकाळची मुंबईची गाडी आहे. तोवर चला, तुम्हा सगळ्यांना खायला घालतो. ह्या पाहुण्याबाईंनाही.”

“तू चांगला माणूस आहे,” गोरीबाई म्हणाली. अण्णांना आयुष्यात कुणा परक्या बाईनं एकेरीत हाक मारली नसेल. त्यांची टोपी जरा हलली. मी मान खाली घातली, ताईनं पदर तोंडात कोंबला.

त्यांनी आम्हाला सुरतेची खव्याची, तुपात बुडवलेली घारी खाऊ घातली, आणि मला एका पेढीवर नेऊन जांभळ्या रंगाची रेशमी साडी दाखवली. बघण्याच्या कार्यक्रमासाठी घेतलेली. फार सुंदर होती, खोटं कशाला सांगू. मी तिच्यावरून हात फिरवला तर भेगाळलेल्या बोटांत रेशीम अडकलं. अण्णांनी हळूच साडी माझ्या हातातून सोडवून घडी घातली.

बाजारातून जाताना त्यांना माझ्याशी बोलायचं होतं. माझ्या शेजारी यायचे, घसा खाकरायचे, की मी सवयीनं एक पाऊल मागे. ते थांबायचे, मी थांबायची. पुन्हा तेच. शेवटी ते कडाडले, “मिरवणूक काढलीय का? शेजारी चाल की जरा!” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं मी मुद्दाम करते आहे. बापाशेजारी चालायचंसुद्धा विसरलेली मुलगी बघून त्यांना काय वाटलं असेल, ह्याचं मला आज वाईट वाटतं, पण त्या वेळी मला रागच आला आणि मी तरातरा ताईच्या मागे चालायला लागले.

ताईनं वाटेत मेथीची चांगली मोठी जुडी घेतली होती, वर मुलांना भाजी म्हणून. गल्ल्या अरुंद, गर्दी ही एवढी. मधेच एक वरात आडवी आली, वाजंत्री, घोडा, नाचणारी माणसं. ताई आणि मी पलीकडे, अण्णा आणि गोरीबाई अलीकडे राहिले. वरात संपेना. लोंढ्यानं आम्हाला पुढे ढकललं.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? जागीच उभं राहावं. पण ताई दोन वर्षं डोंगरात काढलेली. पहिल्या फाट्याशी तिनं जुडीतून चार काड्या काढल्या, डाव्या गल्लीच्या तोंडाशी ठेवल्या, वर विटेचा तुकडा ठेवला आणि निवांत उजवीकडे वळली. मीही निवांत वळले. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हे सुरत शहर आहे. पुढच्या फाट्याला मेथी, त्याच्या पुढच्याला मेथी. असं करत आम्ही पार नदीकाठी, पोंक विकणाऱ्यांच्या झोपड्यांपाशी पोचलो. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, शेव आणि लिंबाबरोबर खातात. तिथं बसून मागे पाहिलं, तर आमच्या मागोमाग एक गाय येत होती. तिच्या तोंडात काय होतं ते सांगायला नको.

मी कपाळावर हात मारला. ताई गायीला शिव्या द्यायला लागली. “आते कशा येतीन त्या?” म्हणून ती उठली, बसली, परत उठली. आणि मला, आमचे अण्णा परक्या शहरात हरवले म्हणून काळजी वाटायच्या आधी, एकच गोष्ट वाटली: संध्याकाळची गाडी चुकेल. चुकू दे. मग लगेच स्वतःचीच इतकी लाज वाटली की समोरचा पोंक मी ताईकडे सरकवला.

तिकडे त्या दोघांचं काय झालं ते मला नंतर गोरीबाईनं गाडीत सांगितलं, पण इथंच सांगून टाकते. वरात ओसरल्यावर पहिल्या फाट्याशी तिला मेथी दिसली. तिनं अण्णांना डहाळीचं सगळं समजावलं, त्यांना ‘तू’ म्हणत म्हणत. अण्णांनी दोन वळणं ते मुकाट ऐकलं. तिसऱ्या वळणावर काहीच नव्हतं. ते तिथंच एका ओट्यावर बसले, तिला चहा पाजला आणि एकच प्रश्न विचारला.

“ती तिथं रडते का?”

खोटं न येणारी बाई. म्हणाली, “रडते.”

“केव्हा?”

“सुट्टी लागते तेव्हा. सातारला जायचं असतं तेव्हा.”

अण्णांनी कप खाली ठेवला, असं ती म्हणाली. चहा गार झाला तरी प्यायले नाहीत. मग उठले आणि म्हणाले, चला, नदीकडे जाऊ, तुमच्या त्या बाई सकाळपासून तापीचंच सांगताहेत, त्यांना ती पाहिल्याशिवाय राहवायचं नाही.

त्यांनी आम्हाला शोधून काढलं तेव्हा त्यांच्या हातात मेथीची चघळलेली एक काडी होती. ती त्यांनी ताईसमोर धरली. “बाई, तुमची पाटी गायीनं खाल्ली,” म्हणाले आणि हसले. अण्णा हसले! मी त्यांना दुकानात हसताना पाहिलं होतं, गिऱ्हाइकाला. असं पोट हलवून कधी नाही. मग ते आमच्यात बसले, पोंक खाल्ला, आणि दुकानात कापडाची जात विचारावी तसं ताईला विचारलं, “डहाळी ज्या वाटेवर, ती वाट बंद. असंच ना?”

“बंद नही अण्णा,” ताई म्हणाली. “वाट चालूच शे. आपली नही, एवढंच.”

अण्णांनी मान डोलावली. उठताना त्यांनी ताईच्या हातातली उरलेली जुडी स्वतःकडे घेतली. घरी भाजीच्या पिशवीला हात न लावणारा माणूस. “मला जरीची गाठोडी तोलून लगेजची पावती घ्यायची आहे,” ते म्हणाले, “मी पुढे होतो. तुम्ही धर्मशाळेतून पिशव्या घेऊन मागून या.”

धर्मशाळेत आम्ही तिघी एकमेकींकडे बघत नव्हतो. मी ठरवून टाकलं होतं. शब्द माझा होता. अण्णांनी आत्याशी भांडून मला दोन वर्षं दिली होती, ती त्यांनी पुरी होऊ दिली, मधे एकदाही परत ये म्हणाले नाहीत. आता मी फिरले तर मी कसली मुलगी? मी ताईला म्हटलं, माझी ट्रंक पुढे कुणाबरोबर तरी पाठव, आणि मुलांना काय सांगायचं ते तूच सांग. ताईनं नुसतं ‘हा’ केलं. दूध-तुपाच्या बढाया मारणारी ताई, ती पिशव्यांच्या गाठी मारत बसली. गोरीबाईनं माझी पिशवी उचलली आणि स्टेशनपर्यंत माझ्या हातात दिली नाही. आम्ही चाललो, एकामागून एक. कोण हसतं आहे ते कुणी पाहिलं नाही.

स्टेशनात शिरल्यावर वाट दोन्हीकडे फुटायची. एकीकडे मुंबईच्या गाडीचा फलाट, दुसरीकडे पुलावरून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीचा, म्हणजे आमचा. पुढे असलेली ताई एकदम थांबली, आणि आम्ही तिघी डोंगरातल्यासारख्या जागच्या जागी उभ्या राहिलो.

मुंबईच्या फलाटाच्या तोंडाशी, फरशीवर, मेथीची जुडी आडवी ठेवली होती. वर इंजिनाच्या कोळशाचा एक खडा. हमाल, बायाबापड्या, टोपल्या, सगळे तिला ओलांडून जात होते, कुणाचं लक्ष नव्हतं.

“माय व!” ताई म्हणाली.

मी ती जुडी ओलांडून धावले. चप्पल निघाली, ती तशीच हातात घेतली. अण्णा पुढे आपल्या गाठोड्यांवर बसले होते, छत्री गुडघ्यांत धरून, पाठ आमच्याकडे करून.

“अण्णा!”

त्यांनी वळून पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच, हिशोबाला बसल्यासारखा. “वाटेवर ठेवलेलं दिसलं नाही का तुला?” ते म्हणाले. “दोन वर्षं काय शिकलीस तिथं?”

“मी शब्द दिला होता तुम्हाला.”

“दिला होतास. तो आहे माझ्याकडे. त्याचं काय करायचं ते मी बघेन. आत्यालाही मीच सांगेन.” मग त्यांनी घसा खाकरला. सकाळपासून हे एवढंच त्यांना माझ्या शेजारी चालत बोलायचं होतं, की ह्याच्या अगदी उलट काही, ते मला कधीच कळलं नाही. “जा आता. तुमची गाडी लागलीय. आणि ती चप्पल पुन्हा घालू नकोस. पाय बघ काय झालेत.”

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी माझा फाटका पदर नीट माझ्या खांद्यावर ओढला, दुकानात कापड झाकतात तसा, आणि तोंड फिरवलं.

आमची गाडी आधी सुटली. मी खिडकीत होते, ताई माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून, आणि गोरीबाई मागे उभी, दोघी मोठमोठ्यानं नाकं ओढत होत्या. रुळांपलीकडच्या फलाटावर अण्णा दिसत होते. ते गाठोड्यांवरून उठले, गर्दीतून वाट काढत फलाटाच्या तोंडाशी गेले आणि वाकले. आधी कोळशाचा खडा उचलून त्यांनी बाजूला ठेवला. मग मेथीची जुडी उचलली, झटकली आणि कोटाच्या खिशात घातली.

शेवटच्या माणसानं डहाळी उचलायची असते. तेही त्यांना गोरीबाईनंच सांगितलं होतं.